परदेशस्थ दलित आणि गावकुसाबाहेरची वस्ती

परदेशी गेलेल्यांनी मायभूमीच्या विकासाला हातभार लावावा, असे आता सर्वत्र म्हटले जाते. पैसा येतोही आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या रकमेत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे केरळपेक्षाही किंचित अधिक होता. परंतु नांदगाव खंडेश्वरसारख्या कोरडवाहू, कपाशी-सोयाबीनच्या तालुक्यात बसून विचार केला की प्रश्न पडतो: ज्यांच्या सातबारावर भूमीच नव्हती, त्यांची मायभूमी कोणती?

या संदर्भात मेक्सिकोचे उदाहरण देतात. अमेरिकेत मजुरीस गेलेल्यांनी आपापल्या गावाची मंडळे स्थापिली. २००२ पासून तेथील सरकारने 'एकास तीन' योजना देशभर राबविली. मंडळाच्या एका पेसोमागे केंद्र, राज्य व स्थानिक पालिका प्रत्येकी एक पेसो घालीत. रस्ते, पाणी, वीज अशी कामे झाली. पुढे २०२० च्या सुमारास सरकारने हात आखडता घेतला आणि योजना संपली. सरकारच्या जोडीवर उभा राहिलेला विकास सरकार हलले की बसतो, हा त्यातला एक धडा.

दुसरी गोष्ट आपल्याला अधिक लागू आहे. अशा योजनेत गाव एक आहे असे गृहीत धरलेले असते. आपल्याकडे गाव आहे आणि गावकुसाबाहेर वस्ती आहे. टाकी कोठे बांधावी, नळ आधी कोणत्या आळीत न्यावा, हे ज्यांचे वजन तेच ठरवितात. तेव्हा वस्तीतून परदेशी गेलेल्या अभियंत्याने 'गावासाठी' दिलेला पैसा वस्तीपर्यंत पोचेलच असे नाही.

मग तो कोठे लावावा? याचे उत्तर बाबासाहेबांनी कृतीने दिले आहे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये त्याच बडोद्यात नोकरीस आले तेव्हा त्यांना राहावयास घर मिळेना. १९२३ मध्ये लंडनचे शिक्षण पुरे करून ते परतले. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ मध्ये सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. परदेशी विद्येची गुंतवणूक येथे संस्थेत झाली. १९४५ मध्ये स्थापिलेली पीपल्स एज्युकेशन सोसायटी हा त्याच विचाराचा विस्तार होय.

आजच्या परदेशस्थ आंबेडकरी समाजाने खुणा उभारल्या आहेत. ब्रिटनमधील संघटनांच्या पाठपुराव्यानंतर बाबासाहेबांचे लंडनमधील निवासस्थान २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. अमेरिकेत मेरीलँड येथे १४ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यांचा भव्य पुतळा उभा राहिला. ज्यांचा इतिहास पुसला गेला त्यांना खुणा हव्यातच. पण पुतळा कोणाची फी भरीत नाही.

येथे कायदाही समजून घ्यावा. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने बँकेमार्फत दिलेली देणगी 'परकीय अंशदान' ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी मात्र ठरते. ती घेण्यास संस्थेला केंद्राची नोंदणी किंवा परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच घ्यावी लागते. ती पुढे दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. वस्तीतल्या वाचनालयाला हे झेपणारे नाही.

पण ज्ञानाला असा परवाना लागत नाही. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी आहे. तिचा अर्ज, विद्यापीठाची निवड, उद्देशपत्र यांची माहिती घरात कोणी पदवीधर नसलेल्या मुलीला कोण देणार? यवतमाळची एकलव्य इंडिया फाउंडेशन हेच काम करते. तिचे संस्थापक राजू केंद्रे बुलढाणा जिल्ह्यातले. ते स्वतः लंडनच्या सोआसमध्ये शिकले. परदेशातील प्रत्येक दलित पदवीधराने आठवड्याचा एक तास तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याला दिला, तर त्याला कोणताही कायदा आडवा येत नाही.

ज्यांना पैसा द्यावयाचा आहे त्यांनी एकदाच मोठी रक्कम देण्याऐवजी दरमहा थोडी द्यावी. ती वसतिगृह, अभ्यासिका, फी यांवर खर्च व्हावी. निर्णय वस्तीच्या समितीकडे असावा, तीत बायाही असाव्यात, आणि हिशेब वस्तीसमोर मोठ्याने वाचला जावा. देणाऱ्याचे नाव पाटीवर नसले तरी चालेल. त्याच्या मदतीने शिकलेला विद्यार्थी पुढच्या विद्यार्थ्याचा हात धरतो की नाही, यावरूनच विकास टिकाऊ आहे की नाही ते ठरेल.