वजनातून उलगडलेले ‘क’ जीवनसत्त्व

‘क’ जीवनसत्त्वाच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे ८ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात, हे आज शाळकरी मुलेही पुस्तकात वाचतात. पण अणू डोळ्यांना दिसत नाहीत, मग ते मोजले कोणी आणि कसे? ते मोजले गेले तराजूने.

अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये केंब्रिजमध्ये काम करताना प्राण्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी, संत्री आणि कोबी यांतून एक पांढरा, स्फटिकरूप पदार्थ वेगळा काढला. हा पदार्थ म्हणजेच स्कर्व्ही टाळणारे ‘क’ जीवनसत्त्व, हे तेव्हा ठाऊक नव्हते. अशा अनोळखी पदार्थाची ओळख पटवण्याची पहिली पायरी म्हणजे त्यात कोणते मूलद्रव्य किती आहे, हे शोधणे.

त्यासाठीची पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३१ मध्ये सुटसुटीत केली होती. पदार्थ तोलून घ्यायचा आणि पूर्ण जाळायचा. त्यातला सगळा हायड्रोजन पाण्याच्या वाफेत जातो आणि सगळा कार्बन कार्बन डायऑक्साइडमध्ये. वाफ कॅल्शियम क्लोराइड शोषून घेते, कार्बन डायऑक्साइड पोटॅशच्या द्रावणात अडकतो. दोन्हींचे वजन किती वाढले, एवढेच पाहायचे. पुढे ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ प्रेग्ल यांनी हेच काम मोजक्या मिलिग्रॅम नमुन्यावर करून दाखवले. त्यासाठी त्यांना १९२३ चे नोबेल मिळाले.

आता हिशेब. शुद्ध ‘क’ जीवनसत्त्व १०० मिलिग्रॅम जाळले, तर सुमारे १५० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ४०.९ मिलिग्रॅम पाणी मिळते. कार्बन डायऑक्साइडच्या वजनात १२/४४ वाटा कार्बनचा, म्हणून कार्बन ४०.९ मिलिग्रॅम. पाण्याच्या वजनात साधारण नववा हिस्सा हायड्रोजनचा, म्हणजे ४.५८ मिलिग्रॅम. उरलेले ५४.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन.

पण वजन म्हणजे अणूंची संख्या नव्हे. ऑक्सिजनचा एक अणू हायड्रोजनच्या जवळपास सोळापट जड असतो. म्हणून प्रत्येक वजनाला त्या मूलद्रव्याच्या अणुवस्तुमानाने भागायचे. कार्बनचे उत्तर येते ३.४१, हायड्रोजनचे ४.५४ आणि ऑक्सिजनचे ३.४१. सर्वांत लहान आकड्याने पुन्हा भागले की १ : १.३३ : १ हे गुणोत्तर हाती येते.

नेमकी इथेच घसरण्याची जागा आहे. १.३३ ला ‘जवळजवळ १’ म्हणून मोकळे झाले, तर पदार्थच बदलतो. अणूचा तुकडा पाडता येत नाही, म्हणून तिन्ही आकड्यांना ३ ने गुणायचे. गुणोत्तर झाले ३ : ४ : ३. यालाच ‘एम्पिरिकल फॉर्म्युला’, म्हणजे अणूंचे सर्वांत साधे गुणोत्तर म्हणतात. नमुन्यात थोडी ओल किंवा भेसळ राहिली, तरी हे गणित बिघडते. म्हणूनच जाळण्याआधीचे शुद्धीकरण आणि वाळवणे हे अर्धे काम असते.

गुणोत्तर कळले तरी ओळख पूर्ण होत नाही. फॉर्माल्डिहाइड हा विषारी वायू, व्हिनेगरमधले अ‍ॅसेटिक आम्ल आणि रक्तातले ग्लुकोज या तिघांचेही गुणोत्तर एकच, १ : २ : १. फरक आहे तो रेणूच्या आकारमानाचा आणि रचनेचा. म्हणून रेणूचे वस्तुमान वेगळे मोजावे लागते. ‘क’ जीवनसत्त्वाचे ते १७६ आहे. ३ : ४ : ३ या गुणोत्तराचे वस्तुमान ८८ भरते, म्हणजे दुप्पट करायचे. ६, ८ आणि ६ हे आकडे असे मिळतात.

त्यानंतरही काम उरलेच होते. हा पदार्थ स्कर्व्ही टाळतो, हे १९३२ मध्ये गिनीपिगवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले, कारण माणसाप्रमाणे गिनीपिगचे शरीरही ‘क’ जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. सेंट-ज्यॉर्जी यांनी हंगेरीतल्या लाल मिरचीतून, म्हणजे पाप्रिकातून, ते भरपूर मिळवले आणि ब्रिटनमध्ये हॉवर्थ यांनी त्याची रचना उलगडली. १९३७ मध्ये दोघांनाही नोबेल मिळाले.

रचनेचे महत्त्व किती, ते खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एरिथॉर्बिक आम्लातून दिसते. त्यातही तेच ६, ८, ६ अणू असतात, फक्त त्यांची मांडणी जरा निराळी. तेवढ्यानेच ते ‘क’ जीवनसत्त्वाचे काम जेमतेम करते. वजने पदार्थात काय आणि किती आहे ते सांगतात. ते शरीरात काय करेल, हे पुढच्या प्रयोगांनाच विचारावे लागते.