काकांची ट्रंक आणि फुटबॉलचे कागद

सुलतान बाजारातलं आमचं जुनं घर रिकामं करत होतो तेव्हाची गोष्ट. माळ्यावर काकांची पत्र्याची ट्रंक होती. उघडून वरवर पाहिलं: जुनी बिलं, लग्नपत्रिका, फुटबॉलची काही पिवळी पडलेली पातळ पुस्तकं. घाई होती, सगळं किलोच्या भावानं रद्दीवाल्याला दिलं.

2024 मध्ये ‘मैदान’ सिनेमा आला. बघून परतताना मुलानं विचारलं, “बाबा, रहीमसाहेब आपल्या हैदराबादचेच ना? काकाआजोबांनी त्यांच्या टीमची मॅच पाहिली असेल?” पाहिली होती. एकदा नव्हे, अनेकदा. आणि त्याचा कागदोपत्री पुरावा मीच तराजूत टाकला होता!

सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी मुंबईच्या कूपरेजवर 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला. त्यांच्याच हाताखाली भारत 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि 1962 ला जकार्त्यात आशियाई सुवर्णपदक मिळालं. निकाल कुठेही सापडतात. पण त्या दिवशी संघात कोण होतं, राखीव कोण, जाहिराती कुणाच्या, हे सांगणारे कागद घरोघरच्या ट्रंकांतच उरतात. रोव्हर्स कप तर आता बंदच पडला आहे.

इंग्लंडमध्ये अशा कागदाला मॅच प्रोग्रॅम म्हणतात: सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर विकली जाणारी, दोन्ही संघांची यादी असलेली पुस्तिका. आपल्याकडे स्पर्धेचं सुवेनिर निघतं, त्यात खेळापेक्षा जाहिराती जास्त. (मला तर त्या जाहिरातीच जास्त आवडतात.) तिकडे हे वेड किती, तर 1882 च्या एफए कप फायनलचा प्रोग्रॅम 2013 मध्ये लिलावात 35,250 पौंडांना गेला. पण 2018 मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगच्या क्लबांनी प्रोग्रॅम छापण्याची सक्ती काढून टाकली. सगळं फोनवर मिळतं, मग छापायचं कशाला?

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर आधी एकच धागा धरा. एक संघ, एक स्पर्धा किंवा एक शहर. दिसेल ते घेत गेलात तर महिन्याभरात कपाट भरेल आणि उत्साह संपेल. हैदराबाद एफसीनं 20 मार्च 2022 ला गोव्यात फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली. तो हंगाम धरलात तरी पुष्कळ आहे. जुन्यासाठी रविवारी आबिड्सच्या फुटपाथवरचा पुस्तकबाजार चाळा, सकाळी लवकर. आणि त्याआधी आपल्याच आजोबांना विचारा.

नामवंत सामन्यांच्या बाबतीत सावध राहा. 1966 च्या विश्वचषक फायनलच्या प्रोग्रॅमची नंतर छापलेली नक्कलही बाजारात फिरते. कागदाचा जाडपणा, छपाई पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका. पेन्सिलीनं गोल लिहिलेली प्रत असली तर व्यापारी भाव पाडतो. आपण मात्र ती आनंदानं घ्यावी. तो मैदानात बसलेला माणूस आहे!

सांभाळताना लॅमिनेशन अजिबात करू नका, तो कागद पुन्हा मोकळा होत नाही. चिकटपट्टीही नको. टाचण्या गंजल्या असतील तर सावकाश काढा, नाहीतर डाग कागदात उतरतो. प्रत्येक पुस्तिका वेगळ्या पाकिटात आडवी ठेवा, ओल आणि उन्हापासून दूर. पावसाळ्यानंतर एकदा उघडून कसर लागली नाही ना, ते पाहा. आणि सोबत एक वही: कुठे मिळाली, कुणाकडून, किती रुपयांना.

आमच्या फाईलमधला पहिला कागद छापीलही नाही. 31 डिसेंबर 2024 ला गच्चीबावलीच्या मैदानावर संतोष ट्रॉफीची फायनल होती, बंगाल विरुद्ध केरळ. आमच्या हाती छापील काही लागलं नाही, म्हणून मुलानं वहीच्या पानावर दोन्ही संघांची नावं उतरवून घेतली. भरपाईच्या वेळेत रॉबी हांसदानं गोल केला, बंगाल 1-0 नं जिंकला. त्या नावापुढे घाईत मारलेली रेघ कागद फाटेल इतकी जोरात उमटली आहे. ते पान पाकिटात घालून फाईलला लावलं, आणि खाली त्यानं माझ्याकडून काकांचं नाव लिहून घेतलं.