गाणं, स्क्रीन रीडर आणि आवाजाच्या कळा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापूरला गाणं ऐकण्याची जुनी सवय आहे. शाहू महाराजांच्या दरबारात उस्ताद अल्लादिया खाँ होते, आणि देवल क्लबच्या बैठकींनी इथं जाणता श्रोता घडवला. याच गावातला एखादा दृष्टिहीन रसिक आज लॅपटॉपवर जयपूर-अत्रौली गायकीची जुनी ध्वनिमुद्रणं लावतो, तेव्हा त्याच्या कानावर दोन आवाज येतात. एक गायकाचा, दुसरा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचा. हे दोन्ही आवाज हवे तेवढे ठेवणं मुळीच अवघड नाही. अडतं ते घरच्यांच्या, क्लासमधल्या शिक्षकांच्या आणि कधी खुद्द वापरणाऱ्याच्याही मनात बसलेल्या काही समजुतींमुळे. त्या एकेक करून तपासू.

गैरसमज: यासाठी खास कॉम्प्युटर, खास कीबोर्ड आणि महागडं सॉफ्टवेअर लागतं.

वस्तुस्थिती: दुकानात मिळणारा साधा विंडोज लॅपटॉप पुरतो. त्यात ‘नॅरेटर’ नावाचा स्क्रीन रीडर आधीपासूनच असतो. विंडोज, कंट्रोल आणि एंटर या कळा एकत्र दाबल्या की तो बोलू लागतो. ‘एनव्हीडीए’ हा त्याहून जास्त सोयींचा रीडर पूर्णपणे मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या तरुणानं २००६ मध्ये तो लिहायला घेतला. तो स्वतः दृष्टिहीन आहे. ‘जॉज’ हा जुना आणि नावाजलेला रीडर विकत घ्यावा लागतो, पण त्याच्यावाचून कुणाचं अडत नाही. कीबोर्डही नेहमीचाच. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात. तर्जनी तिथं टेकली की बाकीच्या कळा बोटांना आपोआप सापडतात.

गैरसमज: आवाज कमी-जास्त करायचा म्हणजे माऊसनं पट्टी ओढायची.

वस्तुस्थिती: पट्टी दिसण्याची गरजच नाही, कारण बहुतेक प्लेअरना आवाजाच्या कळा दिलेल्या आहेत. व्हीएलसीमध्ये कंट्रोल दाबून वरचा बाण मारला की आवाज वाढतो, खालचा मारला की उतरतो; एम दाबलं की म्यूट. जुन्या विंडोज मीडिया प्लेअरमध्ये एफ ८ नं आवाज कमी होतो, एफ ९ नं वाढतो आणि एफ ७ नं बंद होतो. विनॅम्पमध्ये तर नुसते वरचे-खालचे बाण पुरतात. अडचण एवढीच की कॉम्प्युटरच्या वर्गात पहिला धडा माऊसचा असतो, आणि कळांचा धडा बहुतेकदा येतच नाही.

गैरसमज: स्क्रीन रीडर आकडा बोलला नाही, म्हणजे आवाज बदललाच नाही.

वस्तुस्थिती: कळ दाबली की प्लेअर आपलं काम करतो. तो बदल रीडरला कळवायचा की नाही, हे त्या प्लेअरच्या रचनेवर ठरतं. पुष्कळ प्लेअर आकडा पडद्यावर क्षणभर दाखवून पुसतात आणि रीडर गप्पच राहतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा कळ दाबत बसू नये. गाणं चालू ठेवून एकेकदा दाबावं आणि कानानं ठरवावं. व्हीएलसीमध्ये आवाज शंभर टक्क्यांच्याही वर नेता येतो. तिथं मूळ ध्वनी कृत्रिमपणे फुगवला जातो आणि तार षड्ज फाटल्यासारखा ऐकू येतो. असा फाटका सूर कानावर आला, तर दोष ध्वनिमुद्रणाला देण्याआधी प्लेअरचा आवाज उतरवून पाहावा.

गैरसमज: कॉम्प्युटरचा आवाज एकच असतो.

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो. खरं तर आवाज तीन असतात: प्लेअरचा, स्क्रीन रीडरचा आणि संपूर्ण कॉम्प्युटरचा. पहिले दोन तिसऱ्यातून बाहेर पडतात. घरात कुणी म्हणतं, ‘अरे, गाणं जरा हळू कर की.’ मुलगा कीबोर्डवरची आवाज कमी करायची कळ दाबत जातो. गाणं हळू होतं, पण त्यासोबत रीडरही पुटपुटायला लागतो. आणखी चार वेळा कळ दाबली की तो ऐकूच येत नाही. डोळस माणसाच्या पडद्याचा उजेड घालवावा, तसं हे होतं. मग कॉम्प्युटर ‘हँग झाला’ म्हणून तो बंद केला जातो.

खरं तर गाणं हळू करायचं होतं, तर कळ प्लेअरची दाबायला हवी होती. रीडरचा आवाज वेगळा बदलता येतो. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि कंट्रोल धरून उजवा बाण दाबत जायचं. वेग, स्वराची पट्टी अशी नावं ऐकू येतात, त्यात व्हॉल्यूम आला की त्याच दोन कळा धरून वरचा किंवा खालचा बाण मारायचा. लॅपटॉपची मांडणी निवडली असेल, तर जोडीला शिफ्टही धरायची. सगळंच गप्प झालं असेल, तर रीडर पुन्हा सुरू करून उपयोग नाही, कारण तोही त्याच बंद दारातून बोलणार. आवाज वाढवायची कळ आठ-दहा वेळा दाबावी आणि म्यूटची कळ एकदा तपासावी. या कळा रीडरवाचूनही चालतात.

प्लेअरला स्वतःची कळ नसेल, तर विंडोज ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि व्ही दाबल्यावर प्रत्येक प्रोग्रामची वेगळी पट्टी मिळते. टॅबनं हव्या त्या नावावर जायचं आणि बाणांनी आवाज बदलायचा. इथं रीडर नाव आणि आकडा दोन्ही सांगतो.

गैरसमज: रीडर बोलू लागला की गाण्याचा रसभंग ठरलेलाच.

वस्तुस्थिती: रीडर बोलताना गाणं आपोआप दबतं, ती एक सोय आहे आणि ती बंद करता येते. इन्स्टॉल केलेल्या एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट, शिफ्ट आणि डी यांनी तिचे पर्याय बदलतात. विलंबित ख्यालात आलापी मंद चालू असते, तेव्हा मध्येच गाणं दबणं फार खटकतं. तिथं ही सोय बंदच बरी. २०२४ मध्ये एनव्हीडीएत आणखी एक सोय आली. इन्सर्ट, ऑल्ट आणि एस दाबून रीडर एका कानात आणि बाकी सगळा ध्वनी दुसऱ्या कानात ठेवता येतो. रेकॉर्डिंग ऐकत बंदिशीचे बोल टाईप करणाऱ्या विद्यार्थ्याला ती फार कामाची आहे.

गैरसमज: यूट्यूबवर बाण मारले तरी आवाज बदलत नाही, म्हणजे कीबोर्डच बिघडलाय.

वस्तुस्थिती: कीबोर्ड ठीक असतो. वेबपानावर रीडर वाचनाच्या अवस्थेत असतो आणि बाण स्वतःसाठी वापरतो: खालचा बाण पुढची ओळ वाचतो, के पुढच्या लिंकवर नेतं. यूट्यूबला तोच के गाणं थांबवण्यासाठी हवा असतो. इन्सर्ट आणि स्पेस दाबलं की एनव्हीडीए बाजूला होतो आणि कळा थेट पानाला मिळतात. मग फोकस प्लेअरवर असला की वरच्या-खालच्या बाणांनी आवाज बदलतो. पुन्हा इन्सर्ट-स्पेस दाबलं की वाचन सुरू.

गैरसमज: दृष्टिहीनांचे कान उपजत तीक्ष्ण असतात, मोठा आवाज त्यांना बाधत नाही.

वस्तुस्थिती: भरधाव वेगात बोलणारा रीडर समजणं हा रोजच्या सरावाचा परिणाम आहे. कानाची नाजूक रचना सगळ्यांची सारखीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंतचा आवाज ही मर्यादा आहे. ज्याचं वाचन, रस्ता ओलांडणं आणि माणसं ओळखणं कानावर चालतं, त्यानं तर ती जास्तच कसोशीनं पाळावी. रीडर ऐकू येत नाही म्हणून सगळाच आवाज चढवू नका. गाणं उतरवा, रीडर आपोआप स्पष्ट होईल.

गैरसमज: शेजारी बसून माऊसनं पटकन करून दिलं की मदत झाली.

वस्तुस्थिती: त्यानं त्या वेळचं काम भागतं, पण पुढच्या वेळी तो माणूस पुन्हा कुणाची तरी वाट पाहत बसतो. खरी मदत म्हणजे कोणती कळ, ते सांगणं आणि ती त्याच्याच बोटांनी दाबू देणं. क्लासमधल्या शिक्षकांनी आणि लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं: न विचारता आवाज शून्यावर आणू नये, आणि मशीन परत देताना रीडर ऐकू येतोय ना, याची खात्री करावी. वापरणाऱ्यानं क्रम लक्षात ठेवावा. आधी कॉम्प्युटरचा आवाज बेताचा ठेवायचा, मग रीडर स्वच्छ ऐकू येईल असा करायचा, आणि गाणं शेवटी, आपल्या आवडीनं. एवढं जमलं की कुठलं गाणं, किती मोठ्यानं आणि किती वेळ, हे ज्याचं त्याला ठरवता येतं. तो त्याचा हक्कच आहे.