घटसर्प : विस्मरणात गेलेला, पण न संपलेला आजार

चंदीगडहून निघालेला रस्ता पिंजौर आणि कालका मागे टाकून शिमल्याच्या दिशेने चढू लागला, की धरमपूर येथे कसौलीचा फाटा लागतो. कसौलीत १९०५ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय संशोधन संस्था आहे. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या त्रिगुणी लसीचे उत्पादन करणारी ही देशातील एक प्रमुख सरकारी संस्था होय.

या लसीचे मोल जाणून घ्यायचे, तर व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्लंडकडे पाहावे लागेल. तेथील काही औद्योगिक शहरांत मृतांपैकी जवळपास निम्मी पाच वर्षांखालील बालके असत. गोवर, डांग्या खोकला, घटसर्प हे आजार दाट वस्तीत झपाट्याने पसरत. राजवाडेही त्यातून सुटले नाहीत. नोव्हेंबर १८७८ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथे राणीची चार वर्षांची नात मे घटसर्पाने दगावली. आजारी कुटुंबीयांची शुश्रूषा करणारी तिची आई, राजकन्या ॲलिस, हिचेही त्याच आजाराने १४ डिसेंबर रोजी निधन झाले.

घटसर्पात घशात करड्या रंगाचा पडदा धरतो आणि श्वास कोंडतो. जंतूंनी निर्माण केलेले विष हृदय व मज्जातंतूंनाही इजा करते. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी या विषावर उतारा ठरणाऱ्या प्रतिविषाचा शोध प्रसिद्ध केला. पुढे १९२३ मध्ये फ्रान्सच्या गास्तों रामों यांनी हेच विष निष्प्रभ करून त्यापासून लस बनवण्याची पद्धत शोधली.

भारतात १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि त्रिगुणी लस गावोगावी पोहोचली. मात्र उत्पादनाचे निकष पाळले जात नसल्याच्या कारणावरून जानेवारी २००८ मध्ये कसौलीसह कुन्नूर व गिंडी येथील सरकारी संस्थांचे परवाने निलंबित झाले. २०१० मध्ये हे निलंबन मागे घेण्यात आले.

आजार दिसेनासा झाला, की लसीची निकडही वाटेनाशी होते. धोका नेमका येथेच असतो. २०२२ मध्ये मुंबईतील गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली, तेव्हा बाधितांमध्ये लस न घेतलेली बालके मोठ्या संख्येने होती. घटसर्पाचे रुग्णही देशात अद्याप आढळतात. बाळाच्या पहिल्या वर्षातील मात्रांनंतर १६ ते २४ महिने आणि ५ ते ६ वर्षे या वयात त्रिगुणी लसीच्या वर्धक मात्रा द्याव्या लागतात. सरकारी आरोग्य केंद्रांत त्या विनामूल्य मिळतात.