'सर्वसमर्थ' : ख्रिस्ती श्रद्धेतील ईश्वरी सामर्थ्य आणि मानवी मर्यादा

ईश्वराचे सामर्थ्य अमर्याद आणि माणसाचे मर्यादित, हे विधान बहुतेक सर्व ईश्वरवादी परंपरांना मान्य होण्यासारखे आहे. ख्रिस्ती परंपरेचे वेगळेपण त्या विधानापेक्षा, त्यातून उद्भवणाऱ्या पेचाला तिने दिलेल्या वाङ्मयीन रूपांत शोधावे लागते. ईश्वर सर्व काही करू शकत असेल, तर निरपराधाचे दुःख तो दूर का करीत नाही, हा तो पेच होय.

प्रथम संज्ञेचा विचार करणे उचित ठरेल. हिब्रू बायबलमध्ये 'शद्दाय' हे ईश्वरनाम 48 वेळा येते आणि त्यांपैकी 31 वेळा ते एकट्या ईयोबाच्या ग्रंथात येते. ग्रीक भाषांतरकारांनी ईयोबाच्या ग्रंथात त्यासाठी अनेकदा 'पान्तोक्रातोर' हा शब्द योजला. त्याचा रोख सर्वांवरील सत्तेकडे, सर्व काही धारण करण्याकडे आहे. लॅटिनमधील 'ओम्निपोतेन्स' या शब्दात मात्र 'सर्व काही करू शकणारा' ही छटा प्रबळ झाली. धारण करणारा आणि करू शकणारा यांतील हे अंतर लहान नाही. पुढील तात्त्विक वाद मुख्यतः दुसऱ्या अर्थाभोवती फिरत राहिला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी त्याला सीमा घातली: जे स्वतःतच व्याघाती आहे ते 'करता येण्याजोगे' नसतेच, म्हणून ते न घडणे ही ईश्वराची उणीव ठरत नाही.

ईयोबाचा ग्रंथ या तर्कमार्गाने जात नाही. सर्वस्व गमावलेला ईयोब जाब विचारतो. त्याचे मित्र ईश्वर सर्वशक्तिमान व न्यायी असल्याने ईयोबानेच पाप केले असले पाहिजे, असा सुबक निष्कर्ष काढतात. अडतिसाव्या अध्यायात वावटळीतून ईश्वर बोलू लागतो, परंतु दुःखाचे कारण सांगत नाही. पृथ्वीचा पाया घातला गेला तेव्हा तू कोठे होतास, या धर्तीच्या प्रश्नांची तो मालिकाच मांडतो. ईयोब तोंडावर हात ठेवतो. मात्र अखेरीस ईश्वराचा ठपका येतो तो मित्रांवर. ईश्वरी सामर्थ्याची वकिली करणाऱ्यांपेक्षा त्या सामर्थ्यापुढे आक्रोश करणारा माणूसच खरे बोलला, असा हा निवाडा आहे. मानवी मर्यादा येथे दोन पातळ्यांवर उघड होते: दुःख सहन करण्याची आणि दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावण्याची.

नव्या करारात हा पेच अधिक तीव्र होतो. मार्कलिखित शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात, गेथशेमाने येथे, येशू पित्याला सर्व काही शक्य आहे असे म्हणूनच पुढ्यातील प्याला दूर करण्याची विनंती करतो. प्याला टळत नाही. सामर्थ्याचा उच्चार आणि त्याचा अनवापर एकाच प्रार्थनेत सामावतात. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात यालाच 'रिक्त होणे' म्हटले आहे, तर करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात स्वतःच्या देहातील काट्यासाठी तीनदा केलेली याचना नामंजूर झाल्याचे तो सांगतो. त्याच्या लेखी दुर्बळता हेच ईश्वरी सामर्थ्य प्रकट होण्याचे स्थान ठरते.

मराठीच्या दृष्टीने या विचाराची कसोटी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त लागली. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचा ग्रंथ 1616 मध्ये रायतूर येथे छापला गेला. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या रचनेच्या मंगलाचरणातच देव बाप 'सर्वसमर्थ' आणि स्वर्ग-पृथ्वीचा रचणारा म्हणून वंदिला आहे. लॅटिन श्रद्धासूत्राचा आरंभ अशा रीतीने मराठी नमनाच्या साच्यात उतरला. पुढील काळात मराठी बायबलमध्येही 'सर्वसमर्थ' हाच शब्द रुळला.

पुराण या प्रकाराकडून श्रोत्यांची अपेक्षा मात्र देवाच्या पराक्रमाची असते. पुराणातील देव दैत्यांचा संहार करतो. येथे देवाचा पुत्रच मारला जातो. त्यातच, हा ग्रंथ ज्या साष्टीत ऐकला जाणार होता, तेथील देवळे 1567 मध्ये पोर्तुगीज सत्तेने उद्ध्वस्त केली होती. त्या श्रोत्यांनी सामर्थ्याचा एक अर्थ प्रत्यक्ष अनुभवला होता. राज्यसत्तेच्या छायेत उभ्या राहिलेल्या ग्रंथाने क्रुसावरील निःशस्त्र देवाची कथा सांगावी, यातील विसंगती अभ्यासकाने सौम्य करू नये. ग्रंथाचे वाचन तिच्यासह व्हावयास हवे.

देवाचे लहान होणे मराठी श्रोत्याला सर्वस्वी परके होते असे नाही. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या बनून पाणी भरणारा देव संतचरित्रपरंपरेत आहे. परंतु तेथे देव भक्ताच्या प्रेमापोटी सेवा पत्करतो आणि ओळख पटताच अंतर्धान पावतो. त्याच्या देवपणाला धक्का लागत नाही. ख्रिस्ती कथेत तो मृत्यू पत्करतो, आणि पुनरुत्थानानंतरही त्याच्या देहावर जखमांच्या खुणा राहतात. दोन्ही परंपरांत अमर्याद सामर्थ्य मर्यादा स्वीकारते. एकीत ती मर्यादा वेषासारखी उतरते, तर दुसरीत ती देहावर कायमची कोरली जाते. तौलनिक अभ्यासाला साम्यापेक्षा हा भेद अधिक फलदायी ठरावा.