जुना राउटर, नवा फोन

नवा फोन घरातल्या जुन्या वायफायला जोडला जात नसेल, तर संशय आधी पासवर्डवर जातो. तो पुन्हा पुन्हा टाइप केला जातो. बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. जोडणी टप्प्याटप्प्याने होते: नाव दिसणे, सुरक्षेची पद्धत जुळणे, आयपी पत्ता मिळणे आणि मग इंटरनेट. गाडी कुठल्या टप्प्यावर अडली ते आधी पाहावे.

पहिला टप्पा नाव दिसण्याचा. सुरतेत तापीपलीकडे, अमरोलीला लागून असलेल्या कोसाडमध्ये महापालिकेची मोठी आवास वसाहत आहे. अशा दाट वस्तीत एका घरात उभे राहिले तरी फोनच्या यादीत शेजाऱ्यांची वायफाय नावे भराभर येतात. यादीत फक्त आपलेच नाव नसेल, तर राउटर १२ किंवा १३ क्रमांकाच्या चॅनेलवर आहे का ते तपासावे. भारतात हे चॅनेल चालतात, पण अमेरिकेसाठी बनलेल्या फोनांना ते बरेचदा दिसत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल आणि २० मेगाहर्ट्झ रुंदी ठेवावी. ४० मेगाहर्ट्झ घेतले की शेजारच्या लहरी आणखी अंगावर येतात.

खरी गोम दुसऱ्या टप्प्यात असते. राउटरच्या मागच्या स्टिकरवरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, ब्राउझरमध्ये टाकला की सेटिंगचे पान उघडते. वायरलेस सिक्युरिटीच्या यादीत डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए२ आणि त्यापुढे टीकेआयपी किंवा एईएस असे पर्याय असतात. टीकेआयपी ही २००३ची तात्पुरती मलमपट्टी. एईएस २००४च्या डब्ल्यूपीए२सोबत रुळली. जुन्या राउटरवर ‘दोन्ही चालतील’ असा मिश्र पर्याय निवडलेला असतो आणि काही नवे फोन तिथेच बिचकतात. आयफोन अशा जाळ्याच्या नावाखाली कमकुवत सुरक्षेचा इशारा दाखवतो. शिवाय टीकेआयपीवर वेग ५४ मेगाबिटच्या वर जात नाही, मग फोन कितीही महाग असो. उपाय एकच: फक्त डब्ल्यूपीए२ आणि फक्त एईएस. बदल सेव्ह केल्यावर फोनमधले जुने नेटवर्क ‘फर्गेट’ करून नव्याने जोडावे. ही पायरी हमखास विसरली जाते. बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएस सोय अँड्रॉइडने आवृत्ती ९पासून काढून टाकली आहे, त्यामुळे राउटरवरचे ते बटण दाबत बसण्यात अर्थ नाही.

पासवर्ड मान्य होऊनही ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ इथेच फोन घुटमळत असेल, तर कारण निराळे. राउटरवर मॅक फिल्टर, म्हणजे ठरावीक उपकरणांच्या पत्त्यांनाच प्रवेश देणारी यादी, लावलेला असेल, तर नव्या फोनचा पत्ता त्या यादीत बसत नाही. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन जाळ्याला खरा मॅक पत्ता न देता बनवलेला देतात. तो ओळखायची खूण सोपी: पत्त्याचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असते. घरच्या जाळ्यापुरती ही सोय फोनमध्ये बंद करता येते; फिल्टरच काढून टाकणे मात्र जास्त शहाणपणाचे, कारण त्याने सुरक्षा नावापुरतीच मिळते.

फायबरवाल्याच्या नव्या डब्याला जुना राउटर जोडून आतल्या खोलीत सिग्नल पोचवायचा असेल, तर तार जुन्याच्या वॅनमध्ये न घालता लॅन पोर्टमध्ये घालावी, जुन्याचा पत्ता बदलावा आणि त्याचे डीएचसीपी बंद करावे. नाहीतर दोन्ही यंत्रे पत्ते वाटू लागतात आणि नाव दिसते, जोडणी होते, नेट मात्र येत नाही.

फर्मवेअर अद्ययावत करून पाहावे, पण २०१७मध्ये उघड झालेल्या डब्ल्यूपीए२मधल्या ‘क्रॅक’ त्रुटीनंतर कंपनीने एकही अपडेट दिला नसेल, तर त्या राउटरवर फार जीव लावू नये. फक्त डब्ल्यूईपी येणाऱ्या यंत्राचे वायफाय बंद करावे. त्याचे लॅन पोर्ट टीव्ही किंवा कॉम्प्युटरला तार देण्यासाठी तरीही उपयोगी पडतात.