ई-पुस्तकासाठीही रांग?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात हवा तो ग्रंथ कपाटात नसेल, तर तो कोणीतरी घरी नेला असावा, हे विद्यार्थ्याला सहज उमगते. संगणकाच्या पडद्यावर मात्र 'हे पुस्तक सध्या दुसरा वाचक वापरत आहे' असा संदेश झळकला की तो गोंधळतो. जिच्या हजारो प्रती क्षणात निघू शकतात, त्या फाइलसाठी रांग कशाला? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर तंत्रज्ञानात नसून करारात आहे.

छापील पुस्तक ग्रंथालय विकत घेते. एकदा दाखल नोंदवहीत चढलेले पुस्तक पन्नास वर्षे कोणालाही द्यावे, प्रकाशक विचारायला येत नाही. ई-पुस्तकाच्या बाबतीत ग्रंथालयाच्या हाती बहुधा केवळ वाचू देण्याचा परवाना पडतो. तो कधी एका वेळी एकाच वाचकापुरता असतो, कधी तिघांपुरता, तर कधी अमर्याद. किती पाने छापता येतील, पुस्तक किती दिवस उतरवून ठेवता येईल, हेही करारच ठरवतो. मुदत संपली की उतरवलेली फाइल उघडत नाही. सर्वच प्रकाशक इतके कडक नसतात. 'स्प्रिंगर'सारखे प्रकाशक प्रकरणवार पीडीएफ अशा कुलपाविना देतात.

या परवान्याचा खरा अर्थ अमेरिकेतील विद्यापीठांना २०२२ मध्ये कळला. 'वायली' या प्रकाशनसंस्थेने त्या वर्षी ऑगस्टअखेर १,३७९ ई-पुस्तके 'प्रोक्वेस्ट'च्या ग्रंथालयीन संग्रहातून काढून घेतली. नवे सत्र नुकतेच सुरू झाले होते आणि यातील काही पुस्तके अभ्यासक्रमांना लावलेली होती. ग्रंथपालांनी आवाज उठवल्यावर ती परत आली खरी, पण जून २०२३ पर्यंतच्या मुदतीवर. छापील पुस्तके अशी रातोरात कपाटातून कोणी उचलून नेली असती, तर पोलिसांत तक्रार झाली असती!

भारतीय विद्यार्थ्याची अडचण बहुधा याहून साधी असते. विद्यापीठाच्या आवारात जे पुस्तक विनासायास उघडते, तेच घरी पैसे मागते. आवारातून गेलेली विनंती विद्यापीठाच्या ठरावीक आयपी पत्त्यांवरून आल्याचे प्रकाशकाच्या संकेतस्थळाला दिसते. घरच्या जोडणीला ती ओळख नसते. अनेक जण इथेच नाद सोडतात, वस्तुतः तसे कारण नाही. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राने यासाठी 'इन्फेड' ही व्यवस्था उभारली आहे. (या केंद्राचा आरंभ १९९१ मध्ये पुण्याच्या 'आयुका'च्या छत्राखाली झाला होता.) संकेतस्थळावर आपली संस्था निवडायची आणि संस्थेनेच दिलेल्या नाव-पासवर्डाने प्रवेश घ्यायचा. 'हा वाचक आमचा आहे' एवढेच संस्था प्रकाशकाला कळवते. पासवर्ड त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. काही विद्यापीठे याऐवजी स्वतःचा प्रॉक्सी सर्व्हर वापरतात. संलग्न महाविद्यालयांसाठी २०१० मध्ये 'एन-लिस्ट' योजना आली. तिचा पासवर्ड महाविद्यालयाच्या ग्रंथपालांमार्फत मिळतो, आणि मागितल्याशिवाय तो सहसा कोणी देत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेमुळे हा प्रश्न सुटला, असा काहींचा समज आहे. ती योजना ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० नियतकालिकांपुरती आहे. पुस्तकांच्या परवान्यांचा हिशेब वेगळाच राहतो. त्यामुळे 'पुस्तक व्यग्र आहे' हा संदेश वारंवार येत असेल, तर ग्रंथपालांना तसे लेखी कळवणे उपयोगाचे ठरते. किती वाचकांना नकार मिळाला याच्या नोंदी पाहूनच अनेक ठिकाणी वाढीव परवाने घेतले जातात.

अभ्यासक्रम पूर्ण होऊन हजेरीपटावरील नाव निघाले, की हे लॉगिनही सहसा बंद होते. अशा माजी विद्यार्थ्यांना आणि बाहेरच्या वाचकांना ग्रंथालयात येऊन तिथल्या संगणकावर वाचण्याची मुभा काही करारांत असते. ती आहे की नाही, हे देवघेवीच्या खिडकीवर विचारूनच कळते.